अबईचं पाणी

खंडारे डॉक्टर कोणत्याही प्रश्नाचं उत्तर लगेच देत नसत. "पाहून सांगतो," म्हणत. गाय गाभण आहे का, असं विचारलं तरी पाहून सांगतो, आणि दुपारची एसटी आली का, असं विचारलं तरी पाहून सांगतो. आणि खरोखर जाऊन पाहत. रस्त्यापर्यंत चालत जायचे, कपाळावर हात धरून कारंजा गावाच्या बाजूला धुरळा दिसतो का ते पाहायचे, परत यायचे आणि सांगायचे, "नाई दिसून राह्यली." विचारणारा तोवर निघून गेलेला असला तरी दाराला सांगून जात.

ते कामरगावला जनावरांचे डॉक्टर म्हणून आले ते सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा. वाशीम जिल्हा अजून झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. घरी मी आणि माझी आई, दोघीच. डॉक्टरांना घर मिळायला बराच वेळ लागला. गावात खोल्या रिकाम्या होत्या, पण हे विचारायला गेले की कुणाकडे लग्न निघायचं, कुणाकडे अचानक पाहुणे यायचे. डॉक्टर बौद्ध आहेत, हे कारण तोंडानं कुणी सांगितलं नाही. शेवटी आमच्या शेजारच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या. तिथं आधी मालक सरकी भरून ठेवायचा. ते, त्यांची बायको विमलताई आणि साडेतीन-चार वर्षांची सुजाता, असे तिघं राहायला आले, तरी त्या घराचा सरकीचा वास काही गेला नाही.

आई माळ्याची लेक. परसात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कुंपणावर अबईचा वेल. अबईच्या शेंगा वीतभर लांब, जाड, तलवारीसारख्या. कोवळ्या असताना भाजी करायची, आणि बिया खायच्या तर दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं, नाहीतर पोट धरून बसावं लागतं. आई विमलताईंना भाजी द्यायची, पण कुंपणावरून, वरून सोडायची. विमलताई पदर पसरून झेलायच्या. दोघी हसून बोलायच्या. ती हातभर जागा मात्र मधे असायची.

डॉक्टर उंच, किडकिडीत. सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी टॉर्च. कोपरापर्यंत हात धुवायचे, दिवसातून कितीदा तरी, त्यामुळे हाताची कातडी बोहारणीकडच्या जुन्या कापडासारखी पांढरट पडली होती. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय पीत नसत. माणसांशी कमी बोलत, जनावरांशी जास्त, आणि त्यांना अहोजाहो करत. बसलेल्या बैलाला म्हणायचे, "उठता का जरा? तरास देऊन राह्यलो तुमाले." गावातल्या लोकांनी त्याची आधी नक्कल केली, मग सवय झाली, आणि पुढे एकदोन म्हातारे स्वतःच्या म्हशीला तसं बोलू लागले.

त्यांचं खरं काम गाई-म्हशींचं. पण त्यांचा जीव कोंबड्यांत होता. आमच्याकडे दर उन्हाळ्यात मानमोडी यायची. राणीखेत म्हणतात तो रोग. सकाळी धडधाकट असलेली कोंबडी दुपारी मान वाकडी करून गोल गोल फिरायची, आणि चार दिवसांत अख्ख्या वस्तीतली खुराडी रिकामी व्हायची. भीमनगरातल्या, गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीतल्या, बायांचं मीठ-मिरची, पोराची पाटी, बांगड्या, सगळं त्या कोंबड्यांवर चालायचं. त्याबद्दल कुणी दवाखान्यात येत नसे. कोंबडीसाठी कोणी डॉक्टरकडे जातं का? डॉक्टरच जायचे. अकोल्याहून लस बर्फात यायची, दवाखान्यात फ्रीज नव्हता, त्यामुळे ज्या दिवशी लस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती टोचून संपवायची. थर्मास गळ्यात अडकवून ते निघायचे.

दुर्पताबाई नावाची एक म्हातारी भीमनगरात पहिल्या घरी राहायची. तिनं पहिल्या वर्षी त्यांना दारातच अडवलं. मी तेव्हा शाळेतून परत येत होते.

"डॉक्टर, जित्या कोंबडीले सुई टोचून मारता का आता?"

"टोचली नाई तं मानमोडीनं मरन, मावशी."

"अन टोचून मेली तं?"

दुसरा कुणी असता तर 'मरत नाही' म्हणाला असता. हे म्हणाले, "कमजोर असन तं मरू शकते एखादी."

"अरे बापा! तोंडानं सांगून राह्यला!"

"खरं हाय ते सांगतो. मेली तं मले बोलवा. काहून मेली ते पाहीन."

"तू पाह्यशीन, मी रस्सा करीन." दुर्पताबाईनं कोंबडी पंखाला धरून पुढे केली. "घे. टोच."

त्या दिवशी डॉक्टर हसले. मी पाहिलं. आवाज न करता हसायचे, फक्त खांदे हलायचे. कोंबडी काही मेली नाही. मरू शकते असं खरं सांगितल्याबद्दल त्यांना वरच्या साहेबांकडून बोलणी बसली, असं नंतर कळलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा तसंच बोलले.

एकदा मी त्यांना आठवीच्या वर्गात बोलावलं. विषाणू शिकवायचा होता, आणि मलाच तो नीट कळला नव्हता. पुस्तकात दोन ओळी होत्या. डॉक्टर आले ते चिनी मातीची खळगेवाली पट्टी, कोंबडीचं रक्त मिठाच्या पाण्यानं धुवून केलेलं लाल पाणी, आणि सुजाताला घेऊन. सुजाता टेबलावर बसली. तिला तिथून उतरवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

त्यांनी काही खळग्यांत नुसतं रक्ताचं पाणी टाकलं, काहींत त्याच्यासोबत लसीतला विषाणू, मेलेला नव्हे, पण दुबळा केलेला. मग म्हणाले, "आता हलवायचं नाई. थांबायचं." पोरं थांबली. नुसत्या रक्ताच्या खळग्यात तळाशी एक लहान लाल ठिपका जमला. विषाणूच्या खळग्यात ठिपका झालाच नाही, सगळीकडे गुलाबी जाळं पसरलं.

"इथी टिकली झाली," सुजाता म्हणाली. "अन हिची पुसली."

पोरं हसली. डॉक्टर म्हणाले, "बरोबर. हिची पुसली. काहून पुसली?"

मग त्यांनी सांगितलं. आपल्या रक्ताच्या कणावर, अंगातल्या प्रत्येक पेशीवर, बाहेरून साखरेच्या बारीक साखळ्या लोंबत असतात. खायच्या साखरेसारख्या नाही, पण साखरच. विषाणूला पाय नाहीत, तोंड नाही. त्याच्या अंगावर प्रथिनाचे हात असतात, आणि त्या हातांना एवढंच येतं, ती साखर धरणं. साखर धरली की पेशी धरली. पेशी धरली की आत शिरायची वाट झाली. एका विषाणूनं इकडे एक कण धरला, तिकडे दुसरा, की कणांचं जाळं होतं आणि टिकली जमत नाही. "त्यानं धरलं नाई तं तो काहीच करू शकत नाई. धुळीसारखा पडून राहीन," ते म्हणाले.

मग खिशातून एक लहान बाटली काढली. आईच्या वेलावरच्या वाळलेल्या अबईच्या बिया कुटून, मिठाच्या पाण्यात भिजवून, गाळून घेतलेलं पाणी होतं. तेही दुसऱ्या खळग्यातल्या रक्तात टाकलं. तिथंही टिकली पुसली.

"यात विषाणू हाय का?" एका पोरानं विचारलं.

"नाई. पण याच्यातपन एक प्रथिन हाय. तेपन साखरच धरते."

वर्गात कुणाला त्याचं फारसं वाटलं नाही. मला वाटलं. पण शाळेची घंटा झाली आणि ते तिथंच राहिलं.

त्यानंतरच्या चैत्रात गावात गोवर आला.

घरोघरी पोरं पडली. दारांना कडूलिंबाचे डहाळे लागले. कुणी झाडू मारेना, फोडणी देईना. खंडारेंच्या घरी हे काही पाळत नसत, पण दुर्पताबाई येऊन चौकटीला डहाळी खोवून गेली, आणि डॉक्टरांनी ती काढली नाही. सुजाताच्या अंगावर गोवर निघाला तेव्हा आई म्हणाली, "निघाला ना, आता उतार पडन." तसंच होतं सहसा. बाकी पोरांना उतार पडला. सुजाताचा ताप उतरला नाही. श्वास जोरात चालू लागला. डॉक्टरांकडे वासरांच्या छातीला लावायची नळी होती, तीच त्यांनी तिच्या पाठीला लावली. बराच वेळ ऐकत राहिले. विमलताईंनी विचारलं, "काय ऐकू येते?" त्यांनी नळी काढून गुंडाळली आणि म्हणाले, "जीप पाहतो."

मीही त्यांच्यासोबत कारंज्याला गेले, विमलताईंजवळ कुणीतरी बाई असावी म्हणून. सुजाता त्यांच्या मांडीवर, डोकं माझ्याकडे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं, सलाइन लावलं, जे होतं ते सगळं केलं. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. व्हरांड्यात बसल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, गोवराची लस नसते का?"

"हाय," ते म्हणाले. "बाहेरच्या देशात निघाली. इकडे नाई आली." थोड्या वेळानं म्हणाले, "कोंबड्यायची आली."

मग, वर्गात सांगतात तसं, "मानमोडीचा विषाणू अन गोवराचा विषाणू चुलतभाऊ हायेत, बाई. एकाच घरातले. फक्त गोवराचा हात वेगळा. तो कोंबडीचं रक्त धरत नाई. माकडाचं धरते."

सकाळी सुजाता गेली.

तिला भीमनगराच्या पलीकडे पुरलं. त्रिशरण म्हटलं तेव्हा डॉक्टरांचा आवाज सगळ्यांसोबत होता, ना वर ना खाली. परत आल्यावर ते हातपाय धुवायला बसले आणि बसूनच राहिले. तेवढ्यात दवाखान्याचा शिपाई दारात आला. संध्याकाळच्या एसटीनं लस आली होती, बर्फात. विमलताई आत होत्या. शिपाई काहीतरी पुटपुटला, परत पाठवतो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "कोठी पाठवशीन? बर्फ विरघळन."

दुसऱ्या दिवशी ते थर्मास गळ्यात अडकवून निघाले.

गावानं त्यांना त्या दिवशी जे म्हटलं ते मी ऐकलं आहे. दगड म्हटलं. ढोरांमधे राहून ढोर झालेला माणूस म्हटलं. दुर्पताबाई मात्र वेगळंच म्हणाली. हे तिनं मला बऱ्याच दिवसांनी, चहा पिताना सांगितलं. "मले वाटलं आज येत नाई. तरी बांधून ठेवल्या होत्या कोंबड्या. आला. त्याचा हात हालत नोहता, बाई. एवढासाबी नाई. मह्याच हातातून कोंबडी सुटून सुटून जाऊन राह्यली होती."

आई त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेली. भाकरी घेऊन. विमलताईंनी हात पुढे केला नाही, म्हणून आईनं त्यांचा हात उचलून त्यावर भाकरी ठेवली आणि वरून स्वतःचा तळहात ठेवला. त्यानंतर कुंपणावरून काही सोडलं गेलं नाही.

पुढचे काही महिने त्या घरातून आवाज असा आला नाही. भांडण नाही, रडणं नाही. सकाळी बादलीचा, संध्याकाळी स्टोव्हचा. डॉक्टर कामावर जात, येत. कुणी विचारलं, "कसं हाय डॉक्टर?" तर "बरं हाय" म्हणत. त्या प्रश्नाला ते पाहून सांगतो म्हणत नसत. विमलताई दुपारी उंबरठ्यावर बसायच्या आणि समोरच्या भिंतीकडे बघायच्या. तिथं काही नव्हतं. मीही शाळेतून येताना त्या भिंतीकडे बघून आत जायची. त्या काळातलं मला यापेक्षा जास्त काही आठवत नाही.

दिवाळीनंतर एक दिवस डॉक्टर कुंपणाशी आले.

"काकू, वाळल्या अबईच्या बिया हायेत का?"

"कायले?" आईनं विचारलं.

"पाहतो जरा."

आईनं सूपभर दिल्या.

त्यांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. खिडकीला कागद चिकटवला. भीमनगरातून कोंबडा असलेल्या घरांतली अंडी आणली, आणि दुर्पताबाईची खुडूक कोंबडी मागून आणली, अंड्यांवर बसवायला. ही कोंबडी लस टोचलेली होती, तिला काही होणार नव्हतं. कोंबडी देताना दुर्पताबाईनं विचारलं, "अन त्या खोलीतून रोग बाहेर आला तं?"

"येनार नाई," ते म्हणाले. "तेवढं मह्याकडे."

काय चाललंय ते त्यांनी मला सांगितलं, कारण मी विचारलं, आणि विचारणारी मी एकटीच होते. विषाणू वाढतो तो जिवंत अंड्यातल्या पिलात. दिवाळीनंतर आलेली लस टोचून झाल्यावर तळाशी उरलेली त्यांनी टाकून न देता, फ्रीज नसल्यानं एका अंड्यातून दुसऱ्या अंड्यात वाढवत जिवंत ठेवली होती. ती इतकी कडक असते की अंड्यातलं कोवळं पिल्लू दोन-तीन दिवसांत मरतं. आता, विषाणूच्या स्वतःच्या अंगावरही साखर असते. त्याच्या हातांवरच असते. अबईतलं प्रथिन साखर धरतं. तर मग विषाणू आणि अबईचं पाणी आधी एकत्र करून ठेवलं, तर अबई त्याचे हात धरून ठेवील का? आणि हात धरलेला विषाणू अंड्यात सोडला, तर तो पेशी कशानं धरील?

"हे कोंबड्यांसाठी?" मी विचारलं.

ते गार झालेला चहा प्यायले. "विषाणूसाठी," म्हणाले.

पहिल्या खेपेची अंडी सगळी नासली. कुटलेल्या बियांच्या पाण्यात जंतू होते. दुसऱ्या खेपेला पेनिसिलिन घातलं, तरी अर्धी नासली. घरात सडक्या अंड्यांचा वास भरला. एका दुपारी मी तिथं असताना विमलताई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर अंधारात अंड्याखाली टॉर्च धरून बघत होते. लाल शिरांचं जाळं दिसत होतं, मधे एक काळा ठिपका, आणि तो हलत होता.

"अंड्यातल्या पिलायले वाचवून राह्यले तुमी," विमलताई म्हणाल्या.

प्रश्न नव्हता, टोमणाही नव्हता. आवाज सपाट होता. डॉक्टरांनी टॉर्च विझवला नाही.

"वाचतात का ते पाहून राह्यलो," ते म्हणाले.

त्या आत आल्या. त्यांनी दुसरं अंडं उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्या दिवसापासून अंडी त्या हाताळू लागल्या. कोंबडीखालून काढणं, पुसणं, सुईनं पाडलेल्या भोकावर मेण लावणं. दोघं अंधारात शेजारी बसून बघत. मी अशा वेळी गेले तर उंबरठ्यावर थांबायची. आतून शब्द ऐकू यायचे, "हाय." "हे नाई." "हे हाय."

संक्रांतीच्या सुमाराला एक खेप नीट उतरली. नुसता विषाणू दिलेली अंडी सगळी मेली. अबईचं पाणी आधी मिसळून दिलेली तीन जगली. नुसतं अबईचं पाणी दिलेल्यांत काही जगली, काही मेली. डॉक्टरांनी मला टॉर्च देऊन ती तीन अंडी दाखवली. शिरा ताज्या लाल होत्या.

"म्हणजे झालं!" मी म्हणाले.

"काय झालं?"

"औषध."

"नाई." त्यांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला. "अबई विषाणूले धरते, ते दिसलं. पण अबई पिलालेपन मारते, तेपन दिसलं. अन विषाणू आधी आत गेला असन तं मंग अबई दिऊन काही होत नाई. तेपन पाह्यलं मी. आजारी पोराले अबई दिऊन काय करसान?"

'पोराले' म्हणाले ते. कोंबडीला नव्हे. मग त्यांनी अंडी परत कोंबडीखाली ठेवली.

खरं तर तिथंच ती संपवायची होती. जगलं की मेलं हे कळल्यावर अंडी उकळून, जाळून टाकायची, हा नियम ते स्वतः आधीच्या प्रत्येक खेपेला पाळत आले होते. कारण जगलेल्या पिलाच्या अंगातही विषाणू दडून राहिला असू शकतो. ही तीन त्यांनी ठेवली. आज बघू, उद्या बघू. विमलताई रोज काढायच्या, पुसायच्या. आतलं पिल्लू मोठं होत गेलं, उजेड पलीकडे जाईना. मग एके सकाळी विमलताई कुंपणाशी आल्या आणि आईला म्हणाल्या, "काकू, आतून टकटक करून राह्यलं."

आम्ही दोघी गेलो. खुडूक कोंबडी गळ्यातल्या गळ्यात बोलत होती. विमलताईंनी एक अंडं माझ्या कानाला लावलं. आत खरंच चोच वाजत होती, आणि मधूनच अगदी बारीक चिवचिव. टरफलाला एक तडा गेला होता.

डॉक्टर दवाखान्यातून आले तेव्हा आम्ही तिथंच होतो. त्यांनी हात धुतले, अंडं घेतलं, तडा पाहिला.

"निघू द्या ना," विमलताई म्हणाल्या.

"नाई."

"ह्याच खोलीत ठेवू. दार लावून."

"पिल्लू दाराच्या फटीतून जाते, विमल. विषाणू तं वाऱ्यावर जाते. इथून बाहेर पडलं तं दुर्पताबाईच्या घरापासून सुरू होईन. येनार नाई म्हनून मी तिले सांगितलं हाय."

"टोचले ना तुमी सगळे?"

"मागच्या लसीनंतर निघालेले पिल्लं हायेत घरोघरी. त्यायले नाई टोचलं."

आई मधे पडली. "अवो, तीन तं हायेत."

डॉक्टर आईकडे वळले. मला वाटलं ते काही समजावून सांगतील. ते म्हणाले, "काकू, मी परवाच कराले पाह्यजे होतं. त्याच्याबी आधी. मी केलं नाई. आता चोच वाजली."

मग विमलताईंनी त्यांच्या हातातलं अंडं घेतलं, इतर दोन अंड्यांसोबत पदरात ठेवलं, आणि चूल पेटवायला बसल्या. मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "मी करतो." त्या म्हणाल्या, "पाणी मी ठेवते. बाकी तुमी करा."

पाणी उकळेपर्यंत आम्ही चौघं तिथं बसून होतो. आईनं माझा हात धरला होता. अंड्यांतला आवाज येत होता. पाण्याला आधण आलं तसं डॉक्टर उठले. त्यांनी घाई केली नाही आणि वेळही लावला नाही. त्यांचा हात हलला नाही. दुर्पताबाईनं सांगितलेलं मी तेव्हा पाहिलं. आणि हेही पाहिलं की विमलताई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळहात टेकवला होता. आवाज बंद झाल्यावरही तो तिथंच होता.

संध्याकाळी त्यांनी खोलीतलं सगळं परसात जाळलं, खोली फिनेलनं धुतली आणि कोंबडी दुर्पताबाईला परत नेऊन दिली.

"पिल्लं कोठी?" तिनं विचारलं.

"नाई निघाले."

"एकबी नाई?"

"नाई, मावशी."

तिनं कोंबडी काखेत धरली आणि त्यांना चहाला बसवलं. त्यांनी तो गार होईपर्यंत थांबून प्यायला.

त्या उन्हाळ्यात भीमनगरात मानमोडी आली नाही. पुढे ते एकदा नागपूरला जाऊन त्यांच्या जुन्या प्राध्यापकांना भेटून आले. आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले सर. "त्यायले ठाऊक हाय," ते म्हणाले. "बाहेर मोठ्या प्रयोगशाळेत झालं हे आधीच. अबईसारख्याच बीवर. छापून आलं."

"मग तुम्हाला वाईट वाटलं?"

त्यांनी विचार केला. "नाई. बरोबर निघालं ना आपलं."

आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा, आपणहून, त्यांनी तिचं नाव घेतलं. "सुजाले जे झालं त्याच्या चुलतभावाचं दार तं आता समजलं. हात कोनता, दार कोनतं. औषध कोनीतरी काढन. आपन नाई."

बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांना सामान बांधायला अर्धा दिवस पुरला. आईनं विमलताईंना अबईच्या शेंगा दिल्या, हातात. गाडी गेल्यावर आई परसात गेली आणि विनाकारण सगळ्या वाफ्यांना पाणी देत बसली. सकाळीच दिलेलं होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दशक संपत आलं होतं. मी वाशीमला एका लग्नाला निघाले होते आणि आमची एसटी शेलूबाजारला थांबली होती. बाजाराचा दिवस. पलीकडे मंगरूळला जाणारी जीप भरत होती, आमच्याकडे भरते तशी, माणसांवर माणसं. मागच्या फळीवर, पाय बाहेर सोडून, खंडारे डॉक्टर बसले होते. केस पांढरे झाले होते. त्यांच्या शेजारी एक बाई दोन पिशव्या आणि एक तान्हं मूल सांभाळत कशीबशी बसली होती, आणि तिची मोठी मुलगी, तीनेक वर्षांची, जागा नव्हती म्हणून डॉक्टरांच्या मांडीवर दिली होती. ती त्यांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती.

मी खिडकीतून हाक मारली, "डॉक्टर!"

त्यांनी पाहिलं. ओळखलं. हात वर करायला गेले असावेत, कारण खांदा किंचित हलला, आणि मुलगी कुरकुरली. तसे ते थांबले. डोळ्यांनीच मला काहीतरी म्हणाले, मान अगदी थोडी झुकवली. मी पुन्हा हाक मारली नाही. जीपवाल्यानं आणखी एका माणसाला आत कोंबलं, गाडी सुरू झाली, आणि प्रत्येक गचक्याला ते एका हातानं लोखंडी दांडा धरून, दुसरा पोरीच्या डोक्यामागे ठेवून, ताठ बसून राहिले.